लग आणि वेफर बटरफ्लाय व्हॉल्व्ह : खानदेशातील पाइपलाइनसाठी निवड

लग आणि वेफर हे बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या बॉडीचे दोन प्रचलित प्रकार आहेत. दोन्हींच्या पोटातली रचना सारखीच असते: गोल बॉडी, आतून रबराची सीट, मधोमध शाफ्टवर बसवलेली चकती म्हणजे डिस्क. शाफ्ट पाव फेरा, म्हणजे ९० अंश फिरला की लाइन पूर्ण उघडते किंवा पूर्ण बंद होते. फरक आहे तो व्हॉल्व्ह फ्लँजला, म्हणजे पाइपच्या टोकाच्या छिद्रे असलेल्या कड्याला, कसा धरून राहतो यात. पारिभाषिक मराठीत व्हॉल्व्हला झडप म्हणतात. पण भुसावळपासून शहाद्यापर्यंत फिटर, दुकानदार आणि शेतकरी व्हॉल्व्हच म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

वेफर व्हॉल्व्ह दोन फ्लँजच्या मध्ये, मांड्यात पुरण बसावे तसा बसतो. त्याला स्वतःचे आटे नसतात. लांब बोल्ट किंवा स्टड एका फ्लँजमधून शिरतात, व्हॉल्व्हच्या बॉडीबाहेरून जातात आणि दुसऱ्या फ्लँजमधून बाहेर पडून नटने आवळले जातात. दोन्ही बाजूंना धरणारे बोल्ट एकच. लग म्हणजे कान. लग व्हॉल्व्हच्या बॉडीभोवती फ्लँजच्या छिद्रांइतके कान असतात आणि प्रत्येक कानात आटे पाडलेले असतात. डावीकडचा फ्लँज डावीकडून, उजवीकडचा उजवीकडून, स्वतंत्र बोल्टने व्हॉल्व्हला आवळला जातो. त्यामुळे एका बाजूचा पाइप पूर्ण सोडला तरी व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूला घट्ट राहतो. निवडीचा सगळा प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतो. किमतीचा विचार त्यानंतरचा.

खानदेशात हा प्रश्न वारंवार येण्याचे कारण इथल्या पाण्याच्या वाटेत आहे. तापी, गिरणा, पांझरा या नद्या खाली वाहतात आणि शेतजमीन वर राहते. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे तापीवर बॅरेज आहेत, वर हतनूर धरण आहे, आणि नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून, पाणी पंपाने उचलून शेताकडे, गावाकडे, कारखान्याकडे न्यावे लागते. म्हणजे पंप खाली आणि पाण्याचा स्तंभ डोक्यावर. पंप बंद झाला तरी चढावरच्या लाइनमधले पाणी खाली दाबतच राहते.

आकडे मांडले की हे अधिक स्पष्ट दिसते. ३०० मिमी व्यासाची डिलिव्हरी लाइन, म्हणजे पंपापासून पाणी पुढे नेणारी लाइन, आहे आणि ती जॅकवेलपासून ६० मीटर उंच चढते असे धरू. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंमीला १ किलो), म्हणजे तळाशी ६ किलो. बंद डिस्कचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंमी, तेव्हा डिस्कवर येणारा जोर ४,२०० किलोच्या पुढे जातो. सव्वाचार टनांचा हा रेटा व्हॉल्व्हला पंपाकडे ढकलत असतो. आता पंपापुढचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळू लागला आणि तो काढायचा आहे. पुढचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह बंद केला आणि एनआरव्हीचे बोल्ट सोडायला घेतले. व्हॉल्व्ह वेफर असेल तर हेच बोल्ट त्यालाही धरून आहेत. चौथा-पाचवा नट सैल होताच फ्लँजच्या फटीतून पाण्याची पातळ, धारदार पात सुटते, आणि सगळे नट सुटले तर व्हॉल्व्हच जागेवरून निघतो. जाणता फिटर अशा वेळी पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘भाऊ, आधी लाइन रिकामी करा.’

लाइन रिकामी करणे स्वस्त नाही. ३०० मिमीच्या एक किलोमीटर लाइनमध्ये सुमारे ७० हजार लिटर पाणी मावते. तीन किलोमीटर असेल तर दोन लाखांवर. ते वाहून जाते, पुन्हा भरावे लागते, भरताना हवा काढावी लागते, आणि शेतीची वीज पाळीपाळीने मोजकेच तास मिळते. रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात केळीच्या पाण्याची एक पाळी चुकली तर तिचा ताण घडावर दिसतो. त्यामुळे पंपाच्या डिलिव्हरीवर वेफर बसवून वाचवलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात, आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून जातात. या जागी लग व्हॉल्व्हच हवा, हे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत, म्हणजे जमिनीचे फड (भाग) पाडून त्यांना पाटाचे पाणी देण्याच्या पद्धतीत, हाच विचार दगड-मातीत उतरलेला दिसतो. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटावर पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, एका फडाची बारी (पाणी घेण्याचे तोंड) अडवून पाणी दुसरीकडे वळवू शकतो. एक भाग थांबवताना बाकीचा चालू ठेवणे हीच तिथली कसोटी.

एकतर्फी दाब : लग व्हॉल्व्ह एका बाजूने मोकळा करून दुसऱ्या बाजूचा दाब पेलू शकतो, पण कितीही नाही. व्हॉल्व्ह १६ किलोचा आहे म्हणून एक फ्लँज काढल्यावरही १६ किलो पेलेल, हा समज धोकादायक आहे. दोन्ही फ्लँज बसलेले असताना रबराची सीट दोघांमध्ये दाबलेली राहते. एक फ्लँज निघाला की तिचा त्या बाजूचा आधार जातो, आणि सीट नुसती खोबणीत बसवलेली असेल तर ती सरकू शकते. म्हणून उत्पादक आपल्या तक्त्यात एकतर्फी दाबाची मर्यादा वेगळी देतात. ती पूर्ण क्षमतेपेक्षा कमी असते, काहींची तर निम्म्याहूनही कमी. खरेदीआधी ती लेखी मागावी. सीट बॉडीला चिकटवलेली असेल, किंवा तिच्या पाठीला कडक कडे असेल, तर भरवसा वाढतो. मोकळी बाजू कामाच्या एका पाळीपेक्षा जास्त वेळ तशीच राहणार असेल तर तिथे ब्लँक फ्लँज (तोंड बंद करणारे झाकण) लावावा. माणसाने उघड्या तोंडासमोर उभे राहू नये. हे वाक्य प्रत्येक जॅकवेलच्या भिंतीवर लिहावे असे आहे.

फ्लँजची छिद्रे : वेफरचा मोठा गुण इथे दिसतो. त्याचे बोल्ट बॉडीबाहेरून जात असल्याने छिद्रांची मापे थोडी इकडेतिकडे झाली तरी तो मध्यावर बसवता येतो. लगला ही मोकळीक नाही. त्याचे आटे एकाच मापावर पाडलेले असतात. ३०० मिमीच्या फ्लँजला बहुतेक मानकांत १२ छिद्रे असतात, आणि घात तिथेच होतो. छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, पीएन १० (१० किलो दाबासाठीचे फ्लँज) मध्ये ४०० मिमी, पीएन १६ मध्ये ४१०, जुन्या ब्रिटिश टेबल डी आणि ई मध्ये ४०६, आणि अमेरिकन क्लास १५० मध्ये ४३२. पंप एका काळचा, पाइप दुसऱ्या काळचा आणि फ्लँज गावातल्या लेथवर केलेला असेल, तर नुसती छिद्रे मोजून आणलेला लग व्हॉल्व्ह जागेवर बसत नाही. २०० मिमीला तर छिद्रांची संख्याही बदलते: पीएन १० ला ८, पीएन १६ ला १२. पीसीडी मोजायची सोपी रीत म्हणजे समोरासमोरच्या दोन छिद्रांमध्ये एकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरणे. तेच मध्यापासून मध्यापर्यंतचे माप असते.

लगच्या बोल्टची लांबीही जपावी लागते. एकाच आटेदार छिद्रात दोन्ही बाजूंनी बोल्ट येतात. एका बाजूचा बोल्ट चार-पाच मिमी जास्त लांब निघाला तर समोरचा त्याच्या टोकाला जाऊन टेकतो. पान्याला घट्ट लागल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात फ्लँज सैल असतो, आणि पंप चालू केल्यावर गळती दिसते. फिटर पुन्हा आवळतो, जोर लावतो, शेवटी बोल्टचे डोके तुटते. म्हणून फ्लँज आणि वॉशरची जाडी वजा करून प्रत्येक बोल्ट बॉडीच्या निम्म्या जाडीपेक्षा थोडा कमीच आत जाईल, असा हिशेब करावा. ३०० मिमीच्या नेहमीच्या व्हॉल्व्हची जाडी ७८ मिमी असते. तेव्हा एका बाजूला ३९ च्या आत. बसवताना आट्यांना ग्रीस लावले तर पाच वर्षांनी तो बोल्ट सुटतो. न लावल्यास गंज त्याला कानातच धरून ठेवतो.

आणखी एक चूक जागोजागी होते. लग व्हॉल्व्ह विकत घेतला जातो आणि आखूड बोल्ट हाताशी नसले की त्याच्या कानांतून आरपार लांब स्टड घालून दोन्हीकडून नट आवळले जातात. व्हॉल्व्ह लगचा, काम वेफरचे. ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले तो पहिल्याच दिवशी हातचा गेला, आणि हे वर्षांनंतर दुरुस्तीच्या वेळी कळते.

डिस्क आणि पाइप : जळगाव हे प्लॅस्टिक पाइपचे गाव. भवरलाल जैन यांनी उभारलेल्या जैन इरिगेशनमुळे ठिबक आणि पाइपचा उद्योग इथे वाढला, आणि खानदेशातल्या लाइनींमध्ये पीव्हीसी व एचडीपीई भरपूर आहे. एचडीपीईवर बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवताना, मग तो लग असो की वेफर, एक हिशेब आधी करावा लागतो. डिस्क उघडली की तिच्या कडा बॉडीबाहेर, पाइपच्या आत शिरतात. ७८ मिमी जाडीच्या बॉडीतून ३०० मिमीची डिस्क बाहेर पडते तिथे तिची रुंदी सुमारे २९० मिमी असते. ३१५ मिमी बाहेरील व्यासाचा, पीई १०० चा १० किलोचा एचडीपीई पाइप घेतला तर त्याची भिंत सुमारे १८.७ मिमी जाड, म्हणजे आतला व्यास २७७-२७८ मिमी. डिस्क आत मावतच नाही. हँडल थोडे फिरते आणि अडकते. फिटरला वाटते व्हॉल्व्ह जाम आहे, तो हँडलला पाइप लावून जोर देतो, आणि डिस्कची कड किंवा शाफ्ट दुखावतो. उपाय सोपा आहे: स्टब एंडची, म्हणजे फ्लँजजवळ जोडलेल्या एचडीपीईच्या तुकड्याची, आतली कड तिरकी कापून घेणे, किंवा मध्ये स्पेसर रिंग देणे. स्पेसर दिला की वेफरचे स्टड तितकेच लांब लागतात. आवळण्याआधी डिस्क एकदा हाताने पूर्ण फिरवून पाहणे हा सर्वांत स्वस्त विमा.

बसवण्याची रीत दोन्हींना सारखीच. फ्लँज पुरेसे फाकवावेत, डिस्क जवळजवळ बंद ठेवून व्हॉल्व्ह अलगद सरकवावा, बोल्ट हाताने लावावेत, डिस्क उघडून अडत नाही ना पाहावे, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. रबराची सीट बॉडीच्या दोन्ही तोंडांवर आलेली असते. तीच गॅस्केटचे काम करते. वर आणखी पॅकिंग घालायचे नसते. व्हॉल्व्ह जागेवर असताना फ्लँजला वेल्डिंग करू नये. रबर जळते आणि नवा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून गळतो.

वेफर कुठे योग्य : जिथे दोन्ही बाजू एकाच वेळी रिकाम्या करता येतात तिथे वेफर पुरेसा आहे, आणि तिथे लगवर पैसे घालणे व्यर्थ. फिल्टर स्टेशनमधल्या मधल्या लाइनी, कूलिंग टॉवरचे फिरते पाणी, शेतातल्या हंगामाअखेर रिकाम्या होणाऱ्या उपशाखा, कमी दाबाची हवा, ही त्याची कामे. तो वजनाला हलका, बसवायला सोपा आणि किमतीला कमी. टाकीच्या तळाच्या तोंडावर मात्र लग घ्यावा, कारण व्हॉल्व्हपुढची लाइन सोडण्यासाठी टाकी उपसणे कोणालाच परवडत नाही. पुढे वाढवायच्या लाइनीच्या शेवटच्या टोकालाही तोच नियम लागू.

तेलगिरण्यांचा मुद्दा वेगळा आहे. सरकी आणि सोयाबीनचे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन वापरतात आणि ते अतिशय ज्वलनशील असते. वेफरचे लांब बोल्ट बॉडीबाहेर उघडे असतात. आग लागली तर ते तापून लांबतात, फ्लँजवरची पकड सुटते आणि गळती आगीला आणखी द्रव पुरवते. लगमध्ये बोल्टचा बराचसा भाग कानाच्या लोखंडात झाकलेला असतो. अशा लाइनीवर लग किंवा पूर्ण फ्लँजचा व्हॉल्व्हच वापरावा. सीटचे रबरही बदलते: पाण्याला चालणारे ईपीडीएम तेलात फुगते आणि डिस्क जखडते, म्हणून तेलाला नायट्राइल आणि सॉल्व्हंटला व्हिटॉन किंवा पीटीएफई.

तापी आणि पूर्णेच्या पुरात गाळ-वाळू येते. अर्धवट उघडी डिस्क ठेवून पाणी आवरले तर वाळू सीटची कड खाते, मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. ज्या लगवर एकतर्फी दाबाचा भार टाकायचा आहे त्याने रोजचे पाणी कमीजास्त करण्याचे काम करू नये. त्यासाठी दुसरा व्हॉल्व्ह ठेवावा.

दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्रातील थंड पाण्याच्या लाइनी खूप मोठ्या व्यासाच्या असतात. त्या मापांत लग-वेफरचा वाद बहुधा उरत नाही. तिथे दोन्ही बाजूंना स्वतःचे फ्लँज असलेला व्हॉल्व्ह घेतात.

भारतात सर्वसाधारण कामाच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हसाठी आयएस १३०९५ हे मानक आहे. तेल-रसायन उद्योगात एपीआय ६०९ चालते. मागणी नोंदवताना मानकाच्या आकड्याबरोबर पुढच्या गोष्टी कागदावर असाव्यात: व्हॉल्व्हचे माप, लग की वेफर, फ्लँजचे मानक व प्रत्यक्ष मोजलेला पीसीडी, आट्यांचे माप, सीटचे रबर, लाइनीतला दाब, एकतर्फी दाब किती पेलायचा तो आकडा, आणि दोन्हीकडच्या पाइपचा आतला व्यास.