अल्बियन मोटर्स

अल्बियन मोटर्स : स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील मोटारी, ट्रक व बस बनवणारी कंपनी. स्थापना ३० डिसेंबर १८९९. संस्थापक थॉमस ब्लॅकवुड मरे व नॉर्मन ऑसबॉर्न फुल्टन. पुढे जॉन हेंडरसन हे भांडवल घालून भागीदार झाले. ‘अल्बियन’ हे ब्रिटन बेटाचे प्राचीन नाव असून स्कॉटलंडचे गेलिक नाव ‘अल्बा’ त्याच्याच नात्यातले आहे.

मरे आणि फुल्टन दोघेही आधी ॲरोल-जॉन्स्टन या स्कॉटिश मोटार कंपनीत होते. तिथून बाहेर पडून स्वतःचा कारखाना काढायला लागणारा पैसा मरे यांच्या वडिलांनी उभा केला. स्कॉटलंडमधल्या बिगर (Biggar) नावाच्या गावाजवळची हेवीसाइड ही मालमत्ता गहाण टाकून त्यांनी १,३०० पौंड दिले. मुलाच्या धंद्यासाठी बापाने जमीन गहाण टाकावी, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. कारखाना म्हणजे फिनिस्टन स्ट्रीटवरच्या एका इमारतीचा पहिला मजला आणि सात कामगार.

पहिली गाडी १९०० साली तयार झाली. ती दिसायला मोटारीपेक्षा घोडागाडीच्याच जवळची होती. ‘डॉगकार्ट’ ही मुळात शिकारी कुत्र्यांसाठी बैठकीखाली पेटी असलेली घोडागाडी. अल्बियनने तोच घाट उचलला. अंग वार्निश केलेल्या लाकडाचे, टायर भरीव रबराचे, आणि गोल चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखा दांडा धरून गाडी वळवायची. आठ अश्वशक्तीच्या इंजिनात दोन सिलिंडर समोरासमोर आडवे बसवलेले होते. गिअर बदलण्यासाठी क्लचची खास रचना होती आणि तिचे पेटंट कंपनीकडे होते. डौल नव्हता; पण स्कॉटलंडच्या खडकाळ रस्त्यांवर चालायला डौलापेक्षा दणकटपणा जास्त उपयोगी होता.

१९०३ मध्ये कंपनी क्लाइड नदीकाठच्या स्कॉट्सटन भागात नव्या जागेत गेली. हा सगळा पट्टा जहाजबांधणीचा. त्याच वर्षी १६ अश्वशक्तीचे उभ्या दोन सिलिंडरांचे इंजिन आले आणि १९०६ मध्ये २४ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे. माळरानावर शिकारीला जाणारी मंडळी, त्यांच्या बंदुका आणि सामान एकत्र नेणारी ‘शूटिंग ब्रेक’ ही भरीव टायरांची गाडी अल्बियनची खासियत मानली जाई.

त्या काळी स्कॉटिश मोटार उद्योगात तीन नावे पुढे होती : अल्बियन, आर्गाइल आणि ॲरोल-जॉन्स्टन. त्यांतल्या आर्गाइलने १९०६ मध्ये स्कॉटलंडमधल्याच अलेक्झांड्रिया या गावी राजवाड्यासारखा कारखाना उघडला. आत संगमरवरी जिना होता. दोन वर्षांत कंपनी दिवाळखोरीत निघाली. अल्बियनची चाल नेमकी उलटी. मालवाहू गाड्या ती १९०२ च्या सुमारासच बनवू लागली होती. त्या गाड्यांना गिऱ्हाईक टिकून आहे हे दिसताच तिने १९१३ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबवले. श्रीमंतांच्या हौसेवर पोट भरण्यापेक्षा व्यापाऱ्याच्या ओझ्यावर भरलेले बरे, असा तो हिशेब होता. अल्बियनच्या दीर्घायुष्याचे खरे कारण याच निर्णयात आहे, एखाद्या यंत्राच्या करामतीत नाही.

या निर्णयाची कसोटी लगेच लागली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला ट्रक हवे होते. अल्बियनने तीन टनी ‘ए-१०’ जातीचे सुमारे ६,००० ट्रक पुरवले. इंजिन ३२ अश्वशक्तीचे आणि मागची चाके साखळीने फिरणारी, म्हणजे सायकलीचीच रीत. चिखलधुळीत उघडी साखळी लवकर झिजते हे खरे. पण बिघाड डोळ्यांना दिसतो आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येतो.

युद्धानंतर बसचा धंदा वाढला. रेडिएटरवर उगवत्या सूर्याचे चिन्ह आणि ‘सूर्योदयाइतकी खात्रीची’ हे ब्रीद ही कंपनीची ओळख होती. १९२९ मध्ये मरे वारले, १९३० मध्ये ‘अल्बियन मोटर कार कंपनी’चे ‘अल्बियन मोटर्स’ झाले आणि १९३५ मध्ये योकर भागातला हॅली या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा कारखानाही तिने घेतला. गाड्यांच्या नावांत मजा आहे. बसना बहुधा इंग्रजी ‘व्ही’पासून सुरू होणारी नावे : व्हल्कायरी, व्हेंचरर, व्हिक्टर, व्हायकिंग. ट्रकची नावे मात्र अस्सल स्कॉटिश. चीफटन म्हणजे टोळीप्रमुख, रीव्हर म्हणजे सरहद्दीवरचा लुटारू, क्लेमोर म्हणजे दोन हातांनी चालवायची तलवार, आणि क्लाइड्सडेल ही ओझे ओढणाऱ्या थोराड घोड्यांची जात. ट्रकला यापेक्षा चपखल नाव सापडणे कठीण.

१९५१ मध्ये इंग्लंडच्या लेलँड कंपनीने अल्बियन विकत घेतली. त्यानंतर जड गाड्या लेलँडकडे आणि मध्यम वजनाच्या अल्बियनकडे, अशी वाटणी होत गेली. १९६८ मध्ये सगळेच ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाले, १९७२ मध्ये गाड्यांवरचे अल्बियन हे नाव गेले आणि १९८० मध्ये गाड्यांची उरलेली जुळणी स्कॉटलंडमधल्याच बाथगेट या गावी हलली. स्कॉट्सटनला आस (चाके जोडणारा दांडा, ॲक्सल) वगैरे सुटे भाग बनत राहिले. १९९३ मध्ये व्यवस्थापकांनीच तो कारखाना विकत घेऊन त्याला अल्बियन ऑटोमोटिव्ह असे जुन्या वळणाचे नाव दिले. १९९८ मध्ये तो एका अमेरिकन आस-उत्पादक कंपनीकडे गेला.

अल्बियनच्या गाड्या परदेशातही मोठ्या प्रमाणावर जात. महाराष्ट्रात एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस अशा अठरापगड जातीच्या गाड्या होत्या. त्यांत अल्बियनही होती. पुढे एसटीच्या ताफ्यात शिरलेल्या अशोक लेलँडच्या ‘व्हायकिंग’ या बसच्या सांगाड्याचे (चॅसीचे) नाव अल्बियनने आधीच आपल्या बसला दिलेले होते.

कंपनीची जुनी कागदपत्रे ज्या गावाजवळची जमीन गहाण पडली होती त्या बिगरमध्येच जपलेली आहेत.