गाणी ऐकून व्याकरण आपोआप येतं?

'इंग्रजी गाणी ऐकत राहा, व्याकरण आपोआप येईल' हा सल्ला अर्धाच खरा. ऐकून उच्चार आणि शब्द बसतात. क्रियापदांची रूपं मात्र निसटतात, कारण 'वॉक्ट'मधला (walked) शेवटचा 'ट' पुढच्या शब्दात विरतो. शिवाय गीतकार लयीसाठी, बोलीसाठी नियम मोडतात. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 1965च्या गाण्यातलं 'आय कान्ट गेट नो' म्हणजे दुहेरी नकार. परीक्षेत 'नो'च्या जागी 'एनी'च हवं.

वर्गात गाण्यातून व्याकरण शिकवायचं तर मिनिटभराचाच तुकडा घ्या. आधी नुसता ऐकवा. मग ओळी छापून फक्त भूतकाळी क्रियापदांच्या सहा-आठ जागा रिकाम्या ठेवा. हाताला येईल तो शब्द गाळलात तर मुलं नुसते अंदाज बांधतात. व्हिडिओला मराठी सबटायटल नकोत, डोळे वाचत राहतात आणि कान सुट्टीवर जातात. शेवटी त्याच क्रियापदांनी कालच्या दिवसावर तीन वाक्यं लिहून घ्या. वेळ नाही म्हणून नेमकं हेच गाळलं जातं.