मशरांच्या नजरेतून सुटलेली नशा

चरस ओढून आलेला पोरगा घरच्या म्हाताऱ्यांपासून फार काळ लपत नाही. कपड्यांना वास येतो, डोळे लाल होतात, बोलणं संथ होतं. अफू खाणारा बसल्या जागी डुलक्या घेतो. पाकिस्तानच्या वायव्येकडच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या पख्तुन, म्हणजे पठाण, गावांना या दोन्ही नशा जुन्या ओळखीच्या, आणि गावातल्या ज्येष्ठांना, म्हणजे मशरांना, त्या दुरून कळत. (त्यांच्यापैकी अनेकांच्या ओठाखाली नसवारची, म्हणजे तंबाखूच्या भुकटीची, चिमूट असायची, ती मात्र कुणी नशेत धरत नसे.)

आता तिथे 'आईस' आली आहे. आईस म्हणजे स्फटिकरूपातलं मेथॲम्फेटामिन. ती घेणारा मुलगा सुरुवातीला उलट तरतरीत दिसतो. रात्र रात्र जागतो, परीक्षा असली तर पुस्तक सोडत नाही. पोरगं मार्गाला लागलं, असं घरच्यांना वाटतं. पुढे कधीतरी तो दाराला आतून कडी घालू लागतो, कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणतो, जेवणात विष कालवल्याचा आळ सख्ख्या काकावर घेतो. तोवर उशीर झालेला असतो.

मेंदूत होतं ते असं. आनंदाची आणि ओढीची जाणीव घडवणारं डोपामिन चेतापेशी थोडं थोडं सोडतात आणि एक वाहक प्रथिन ते लगेच परत आत घेतं. मेथॲम्फेटामिन या वाहकाला उलट्या दिशेने चालवतं. पेशीत साठवलेलं डोपामिनही बाहेर लोटलं जातं आणि तास न् तास तिथेच राहतं. वारंवार असं झालं की या वाहकांची संख्या घटते. मग जेवण, मित्र, सण, कशातच गोडी उरत नाही. संशयाचे झटके येतात ते याच डोपामिनच्या पुरामुळे.

आवेग रोखणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. तोवर बरंचसं आवरण्याचं काम आजूबाजूची माणसं करतात. पख्तुन गावात ही जागा म्हणजे हुजरा: पुरुषांची सामायिक बैठक. पाहुणे तिथेच उतरत, भांडणं तिथेच मिटत, आणि संध्याकाळी पोरं चहा देता देता थोरांचं बोलणं ऐकत. कोण आला, कोण चार दिवस दिसला नाही, हे न विचारता कळायचं.

हुजरा विरला तो अनेक धक्क्यांनी. १९७० च्या दशकात तरुण आखाती देशांत गेले. घरात पैसा धाकट्यांच्या हातून येऊ लागला आणि सधन घरांनी स्वतःच्या वेगळ्या बैठका बांधल्या. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि लष्करशहा झिया उल हक यांच्या आदेशाने पाकिस्तानातली परवानाधारक अफूची दुकानं बंद झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सीमेलगत हेरॉईन तयार होऊ लागलं. त्या पैशाने मोटारी आणि बंदुका घेतलेल्या माणसाला जिरग्यात, म्हणजे निवाडे करणाऱ्या ज्येष्ठांच्या सभेत, मान मिळू लागला, वयाची अट न लागता.

मग जिरग्यांवर थेट घाव पडले. मार्च २००८ मध्ये दर्रा आदमखेल इथे जिरग्यावर आत्मघाती हल्ला झाला; मार्च २०११ मध्ये दत्ता खेल इथल्या जिरग्यावर अमेरिकी ड्रोनने क्षेपणास्त्रं टाकली. दोन्ही ठिकाणी चाळीसच्या आसपास माणसं गेली. पाकिस्तानी सैन्याच्या २००९ आणि २०१४ च्या कारवायांत लाखो कुटुंबं विस्थापित झाली. छावणीत किंवा पेशावरच्या भाड्याच्या खोलीत हुजरा कुठून आणणार?

तरीही 'मशर गेले म्हणून पोरं बिघडली' हे मला पटत नाही. ज्या पैशाने आणि युद्धाने मशरांना दुबळं केलं, त्यांनीच नव्या नशाही गावात आणल्या. शिवाय जुन्या व्यवस्थेतले मलिक, म्हणजे सरकारमान्य टोळीप्रमुख, सरकारी भत्त्यावर जगत, आणि बायकांना जिरग्यात जागा नव्हतीच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या पाहणीत पाकिस्तानात सुमारे ६७ लाख लोक वर्षभरात अमली पदार्थ किंवा नशेसाठी औषधं घेत असल्याचं आढळलं. खैबर पख्तुनख्वातलं प्रमाण जवळपास ११ टक्के, चारही प्रांतांत सर्वाधिक. ही पाहणी आईसची लाट येण्याआधीची. अफगाणिस्तानच्या डोंगरांत आपोआप उगवणाऱ्या एफेड्रा झुडपापासून मेथॲम्फेटामिन बनवायचं तंत्र त्यानंतर पसरलं आणि माल स्वस्त झाला.

उपचारात ज्येष्ठांचा हात दोन्ही बाजूंनी चालतो. अब्रू जाईल म्हणून घरात कोंडून ठेवण्याचा हुकूम त्यांचाच असतो, आणि व्यसनी बाई असेल तर तिचं नावही बाहेर येत नाही. पण मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात नेण्याचा निर्णयही बहुधा तेच घेतात. हेरॉईनसाठी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. आईसवर तसं मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन आणि नशामुक्त राहिल्याबद्दल छोटी बक्षिसं देणारी वर्तनोपचार पद्धत यांवरच भिस्त. नशा सुटल्यावर डोपामिन वाहक बऱ्यापैकी भरून येतात, असं मेंदूच्या प्रतिमांमधून दिसलं आहे, पण त्याला वर्षभराहून अधिक काळ लागतो. केंद्रातला मुक्काम मात्र बहुतेक वेळा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. उरलेले महिने मुलगा घरी असतो, जुने मित्र फोन करत असतात, आणि हेरॉईन घेणारा असेल तर शरीराची ती पचवण्याची सवय मोडल्यामुळे पूर्वीचीच मात्रा आता त्याचा जीव घेऊ शकते. विकणाऱ्यांवर बहिष्कार टाकणारे ठराव जिरगे अधूनमधून करतात. या उरलेल्या महिन्यांसाठी कुणी ठराव केल्याचं माझ्या वाचनात नाही.