डिफेनेस्ट्रेशन : प्रागच्या खिडकीपासून अडलेल्या प्रिंटरपर्यंत

डिफेनेस्ट्रेशन म्हणजे माणसाला किंवा वस्तूला खिडकीतून बाहेर फेकणं. मूळ लॅटिन 'फेनेस्ट्रा', म्हणजे खिडकी. वास्तुविशारद खिडक्यांच्या मांडणीला 'फेनेस्ट्रेशन' म्हणतात, तेही त्यातूनच.

शब्द गाजला २३ मे १६१८ मुळे. प्रोटेस्टंट प्रार्थनाघरांच्या वादातून चिडलेल्या सरदारांनी प्रागच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीतल्या) किल्ल्यात पवित्र रोमन सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस अशा तिघांना सुमारे २१ मीटरवरून खाली टाकलं. तिघंही वाचले. कॅथलिकांनी ही मेरीमातेची कृपा मानली, प्रोटेस्टंटांनी खालच्या उकिरड्याची. चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली, तीही 'होहेनफाल' या नावाने, म्हणजे उंचावरून पडणं! युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी इथलीच.

खरा घोळ आहे तो प्रागमधल्या डिफेनेस्ट्रेशनांच्या क्रमांकाचा. १४१९ मध्ये हुसपंथीयांनी (यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी) नगरसभेच्या इमारतीतून सभासदांना फेकलं, ते पहिलं. इंग्रजी पुस्तकांत १६१८ बहुधा 'दुसरं' असतं. पण १४८३ मध्येही प्रागच्या उठावात हाच प्रकार झाला. तो धरला की १६१८ तिसरं ठरतं. त्यात १९४८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या परराष्ट्रमंत्र्याचा मृतदेह प्रागमध्ये त्याच्या निवासाच्या खिडकीखाली सापडला आणि काहींनी त्यालाच 'तिसरं' म्हटलं. ती मोजणी पटत नाही. आत्महत्या, अपघात की खून, याचा निकाल अनेक चौकश्यांनंतरही लागलेला नाही, आणि या शब्दाला फेकणारा हात लागतोच. स्वतःहून उडी मारणाऱ्यासाठी इंग्रजीत शब्दाआधी 'सेल्फ' जोडावं लागतं, ते याचमुळे. म्हणून क्रमांकापेक्षा साल लिहावं; गोंधळच उरत नाही.

थट्टेतला वापर रुजवला संगणकवाल्यांनी. पडद्यावरच्या खिडक्यांची (विंडोंची) यंत्रणा बंद करून थेट पूर्ण पडद्यावर काम करणं हे त्यांच्या बोलीत डिफेनेस्ट्रेशन. पुढे संगणकातून विंडोज काढून लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकण्यालाही तेच नाव मिळालं. ब्रिटिश राजकारणात पक्षनेत्याला सहकाऱ्यांनीच तडकाफडकी हटवलं, की तोही 'डिफेनेस्ट्रेट' होतो.

मराठीत बोलताना नामाला किंवा क्रियापदाला 'करणे' किंवा 'होणे' जोडलं की झालं. 'तिसऱ्यांदा कागद अडकला तर या प्रिंटरचं डिफेनेस्ट्रेशन करीन' हे चोख. 'मी नोकरीतून डिफेनेस्ट्रेट झालो' हे काढून टाकलं असेल तरच. राजीनामा दिला असेल तर नाही. गच्चीवरून फेकलेल्या चपलेलाही हा शब्द लागत नाही, कारण मध्ये खिडकी नाही.