पर्यटनस्थळांची प्रसिद्धी : ग्रामीण विदर्भ

एखाद्या प्रदेशाकडे प्रवाशांनी यावे, तिथे मुक्काम करावा आणि परत गेल्यावर चार जणांना सांगावे, यासाठी त्या प्रदेशातील सरकारी व स्थानिक संस्था जे संघटित काम करतात, त्याला पर्यटनस्थळांची प्रसिद्धी म्हणतात. जाहिरात हा त्यातला लहानसा भाग. कोणती जागा दाखवायची, तिला कोणत्या नावाने ओळख द्यायची, आरक्षण कुठे करायचे, वाट दाखवणारा माणूस कोण असेल, रात्री पाहुणा कोणाच्या छपराखाली झोपेल, हे सगळे ठरवणे म्हणजेच प्रसिद्धी. नागपूर आणि अमरावती या दोन महसूल विभागांतले अकरा जिल्हे मिळून विदर्भ होतो. त्याच्या ग्रामीण भागात हे काम पर्यटन खात्यापेक्षा वन विभागाने अधिक केले आहे, आणि त्याचे बरेवाईट परिणाम जंगलाकाठच्या गावांना भोगावे लागले आहेत.

राज्य पातळीवर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. चिखलदरा, लोणार, ताडोब्याजवळचे मोहर्ली, गोंदिया जिल्ह्यातले बोदलकसा इथली त्याची पर्यटक निवासे विदर्भात फिरणाऱ्या दोन पिढ्यांना ठाऊक आहेत. पर्यटन संचालनालय वेगळे आहे. धोरण व प्रसिद्धी त्याच्याकडे, तर निवास आणि सेवा महामंडळाकडे, अशी ढोबळ वाटणी आहे. बर्लिन आणि लंडनच्या मोठ्या पर्यटन मेळाव्यांत राज्याचे दालन लावणे, सहल कंपन्यांच्या प्रतिनिधींना आणि पत्रकारांना परिचय सहलींवर आणणे, माहितीपत्रके आणि चित्रफिती काढणे ही या संस्थांची नेहमीची साधने. घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांसाठी ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. ‘महाराष्ट्र अनलिमिटेड’ या घोषवाक्याखाली राज्याची जी चित्रे बाहेर गेली, त्यांत कोकणचा समुद्र, अजिंठा-वेरूळ आणि सह्याद्रीचे किल्ले पुढे होते. विदर्भाचे पान उशिरा उघडले, आणि उघडले तेव्हा त्यावर जवळजवळ एकच चित्र होते : वाघ.

जिल्हा पातळीवरची यंत्रणा कमी दिसते, पण पैसा बहुधा तिथूनच हलतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती एखाद्या देवस्थानाला किंवा तलावाला ‘क’ वर्गाचा दर्जा देते. मग रस्ता, सभामंडप, स्वच्छतागृह यांसाठी निधी मिळू शकतो. गावकऱ्यांच्या लेखी ‘आमचं गाव क वर्गात आलं’ याला महत्त्व आहे. पण दर्जा मिळाला म्हणून प्रवासी येत नाहीत. कमान उभी राहते, पेव्हिंग ब्लॉक बसतात आणि ते स्थळ का पाहावे हे सांगणारा एक साधा फलकही नसतो, अशी कितीतरी ठिकाणे या भागात आहेत. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत २०१८-१९ मध्ये वाकी, आदासा, धापेवाडा, पारडसिंगा, तेलंगखेडी, गिरड अशी नागपूर-वर्धा परिसरातील स्थळे एका आध्यात्मिक परिपथात गुंफली गेली. आदासा, रामटेक, पवनी, मेंढा, केळझर, कळंब, भद्रावती आणि नागपूरची टेकडी अशी विदर्भातील अष्टविनायकांची मालिका मात्र भाविकांनीच तोंडोतोंडी चालत ठेवली आहे.

वाघ आणि त्याचे नाव

ताडोबा हे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले आणि दोन्ही मिळून १९९० च्या दशकाच्या मध्यास व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. ‘ताडोबा’ हे नाव आज विमानतळांवरच्या फलकांत झळकते, पण ते मुळात एका माणसाचे आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाकाठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे गोंड बांधवांची जत्रा भरत असे. ज्या नावाने वाघ विकला जातो, ते नाव वाघाने मारलेल्या गावकऱ्याचे आहे. ही कथा माहितीपत्रकात दोन ओळींत उरकली जाते. ती पहिल्या पानावर असायला हवी.

ताडोब्याची कीर्ती पसरवण्यात वाघांच्या नावांचा मोठा वाटा आहे. वन विभागाच्या नोंदीत वाघाला ‘टी’ आणि क्रमांक असतो. गाईड, जिप्सीचालक आणि छायाचित्रकारांनी मात्र माया, मटकासूर, वाघडोह अशी नावे रूढ केली. नाव असलेल्या वाघाला चरित्र मिळते, चरित्राला चाहते मिळतात आणि चाहते पुन्हा पुन्हा येतात. त्यातला धोका उमरेड-कऱ्हांडलाने अनुभवला. नागझिरा अभयारण्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये तिथून निघून कऱ्हांडल्यात आला. त्याच्या देखणेपणामुळे फारसे कोणाच्या ऐकिवात नसलेले हे अभयारण्य गर्दीचे ठिकाण झाले. गेटजवळ जिप्स्या वाढल्या, रिसॉर्ट आणि होमस्टे सुरू झाले. एप्रिल २०१६ नंतर जय कोणालाच दिसला नाही, आणि पर्यटकही ओसरले. कर्ज काढून गाडी घेतलेल्या पोरांच्या हाती हप्ते उरले. एका प्राण्यावर उभारलेली ओळख त्या प्राण्याबरोबर जाते. हा धडा त्यानंतरच्या प्रसिद्धीत फारसा उतरलेला दिसत नाही. २०१५ मध्ये अमिताभ बच्चन यांना राज्याचे व्याघ्रदूत करण्यात आले. मार्च २०२४ मध्ये चंद्रपुरात तीन दिवसांचा ताडोबा महोत्सव झाला. नागपूरला देशाची व्याघ्र राजधानी म्हणण्याचा प्रघात पडला. सगळ्यांचा केंद्रबिंदू तोच.

प्रसिद्धीला कायद्याने आणि न्यायालयाने वळण दिले ते २०१२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबवले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते पुन्हा सुरू झाले. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन असावे, ही त्यातली एक अट. त्यामुळे पर्यटकांना बाहेरच्या पट्ट्याकडे, म्हणजे ‘बफर’कडे, वळवणे भाग पडले. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर अशी गेटे नकाशावर आली. तिथे गाईड गावचेच. व्यवस्था ग्राम परिस्थितीकीय विकास समितीकडे, म्हणजे गावात ज्याला ‘इडीसी’ म्हणतात तिच्याकडे. आगरझरीत फुलपाखरू उद्यान झाले, इरई धरणात नौकाविहार आला. वन्यजीव कायद्यातील तरतुदीनुसार उभारलेले व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान प्रवेश शुल्काचा पैसा परिसरातच फिरवते. बफरमधल्या गावांना गॅसजोडण्या, कुंपण, शौचालये मिळाली ती यातून आणि २०१५ पासूनच्या जन वन विकास योजनेतून. महिला गाईड आणि महिला जिप्सीचालकही इथे तयार झाल्या. विदर्भातील पर्यटन प्रसिद्धीचे सर्वांत ठोस फलित हेच म्हणावे लागेल.

एक गोष्ट मात्र अजून कोणत्याही माहितीपत्रकाने धडपणे सांगितलेली नाही. वाघ दिसण्याचा उत्तम काळ म्हणून एप्रिल-मेची जाहिरात होते. पाने गळलेली असतात, पाणवठे आटलेले असतात, चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असतो आणि वाघ पाण्याशी येतो. त्याच आगेमागे, मार्च-एप्रिलच्या पहाटे, गावातल्या बाया मोहफुले वेचायला झाडाखाली वाकलेल्या असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि घरेच्या घरे जंगलात असतात. माणूस आणि वाघ समोरासमोर येण्याचे दिवस हेच. पाहुण्याचा सुगीचा महिना आणि गावकऱ्याचा जिवावरचा महिना एकच आहे. ‘दिसला का जी?’ हा प्रश्न गेटवर जिप्सीला आणि पाड्यावर सरपण घेऊन परतणाऱ्या बाईला सारख्याच शब्दांत विचारला जातो, पण त्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा असतो. ज्या प्रसिद्धीत ही दुसरी बाजू नाही ती अपुरी आहे, आणि गावाच्या दृष्टीने अपमानास्पद.

‘सायटिंग’ची, म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे याची, घाई जाहिरातीतूनच वाढते, याचे उदाहरण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. जिप्स्यांनी एक वाघीण आणि तिचे बछडे यांना दोन्ही बाजूंनी कोंडल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ताडोब्यात सफारीत मोबाईल नेण्यास बंदी आहे, ती याच प्रवृत्तीला आवर घालण्यासाठी.

वाघ न दिसणारे जंगल

मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत होते. पण डोंगर, दाट साग-बांबू आणि खोल दऱ्या यांमुळे इथे वाघ सहज दिसत नाही. म्हणून प्रसिद्धी करणाऱ्यांना दुसरे काही शोधावे लागले, आणि ते चांगलेच झाले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्याचा ‘निसर्गानुभव’ कार्यक्रम राज्यात अनेक जंगलांत होतो. मेळघाटात त्याला विशेष ओढा आहे. सेमाडोह आणि कोलकासची विश्रामगृहे सिपना नदीच्या काठाने येणाऱ्यांना परिचित आहेत. नामशेष झाल्याचे मानले गेलेला आणि १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला रानपिंगळा, एक लहान घुबड, इथे आहे. त्याच्यासाठी देशभरातून पक्षिनिरीक्षक येतात.

चिखलदरा हे विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण, उंची सुमारे १,१०० मीटर. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून ‘कीचकदरा’, ही व्युत्पत्ती प्रत्येक गाईड सांगतो. जवळच गाविलगड आहे. आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो डिसेंबर १८०३ मध्ये घेतला. राज्यात कॉफीची लागवड असलेली ही जागा, पण चिखलदऱ्याची कॉफी अमरावतीतल्या दुकानात मागितली तर सहज मिळत नाही. गवळ्यांचा खवा आणि रबडी मात्र रस्त्याकडेला मिळते आणि तिची जाहिरात कोणी करावी लागत नाही. सिडको या राज्य सरकारच्या नगरनियोजन महामंडळाकडे नियोजन आल्यावर काचेच्या स्कायवॉकची चर्चा सर्वांत जास्त झाली. पावसाळ्यात धुके उतरलेले असताना शनिवार-रविवारी परतवाड्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते. इतक्या गर्दीला स्कायवॉकआधी वाहनतळ आणि पाणी हवे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

लोणारची गोष्ट निराळी. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर शास्त्रज्ञांना आधी ठाऊक होते, पर्यटकांना नंतर. काठावर दैत्यसूदनाचे मंदिर, धार, खाली कमळजा देवी. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि जगभर त्याची छायाचित्रे पोचली. मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. त्याच वर्षी लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. ही सगळी प्रसिद्धी टाळेबंदीच्या काळात, गाव बंद असताना मिळाली. समृद्धी महामार्ग झाल्यावर मेहकरमार्गे लोणार नागपूरच्या एका दिवसाच्या टप्प्यात आले. परिणामी लोक सकाळी येतात, काठावरून फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. रस्ता चांगला झाला की मुक्काम घटतो, हा अनुभव लोणारपुरता नाही.

पेंचने काळोखाचीच जाहिरात केली. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले पथदिवे बदलून प्रकाश फक्त खाली पडेल असे केले गेले आणि वाघोलीजवळ तारे पाहण्यासाठी मनोरा उभा राहिला. यात गावाने स्वतःचे रात्रीचे आयुष्य थोडे बदलले आणि त्याबदल्यात त्याला रात्रीचा पाहुणा मिळाला. सफारी सकाळ-दुपारच्या, आकाश रात्रीचे. पाहुण्याला मुक्काम करावाच लागतो. वाघ नाही दिसला तरी तारे दिसतात.

शेगाव, सेवाग्राम, झाडी

शेगावला जाहिरात लागत नाही. गजानन महाराज संस्थानची स्वच्छता, भक्त निवास आणि विनावेतन राबणारे सेवाधारी यांचा लौकिक प्रत्येक भाविक घरी घेऊन जातो. पर्यटन संस्थांनी शिकावे असे विदर्भात सर्वांत जास्त काही असेल तर ते इथे आहे. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये आले. बापूकुटी आजही शेण-मातीची आहे आणि शेजारच्या पवनारला विनोबांचा आश्रम आहे. ही ठिकाणे दिखाव्याने बिघडतात, म्हणून तिथे कमी बोलणेच योग्य.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. पश्चिम महाराष्ट्रात ते चालते कारण मुंबई-पुण्याची माणसे शनिवारी बाहेर पडतात. काटोल, वरूड, मोर्शीच्या संत्राबागांना तशी गर्दी फक्त नागपुरातून मिळू शकते. भिवापूरची मिरची, वायगावची हळद, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ यांना भौगोलिक मानांकने आहेत, तरी ताडोब्याच्या वाटेवर जेवणाऱ्या पाहुण्याला ताटात भिवापुरी ठेचा आहे हे कोणी सांगत नाही.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. नाटक दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते आणि होळीपर्यंत हा हंगाम असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. गोंडांची कचारगडची यात्रा माघात, नवेगाव बांधावर परदेशी बदके हिवाळ्यात, मार्कंड्याची महाशिवरात्र त्यापाठोपाठ. हे सगळे ताडोबा-नागझिऱ्याला पाहुणे येण्याच्या हंगामातच होते. पण आज कोणत्या गावात कोणते नाटक आहे हे पर्यटन माहितीपत्रकात क्वचितच सापडते. ते लाऊडस्पीकर लावलेली गाडी सांगते, चौकातला रंगीत फलक सांगतो, नाहीतर पाहुण्याने चहाच्या टपरीवर थांबून विचारावे लागते, ‘आज नाटक कुठं हाय जी?’