फऱ्याला स्थिर आधार देणारी शस्त्रक्रिया

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करताना आपण वरची दांडी पकडतो, तेव्हा खांद्याचा फरा, म्हणजे पाठीच्या वरच्या भागातले त्रिकोणी चपटे हाड, बरगड्यांवरून सरकत असतो, याची आपल्याला जाणीवही नसते. हात पूर्ण उचलण्याच्या १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश फऱ्याच्या या फिरण्यातून मिळतात आणि उरलेले १२० खांद्याच्या सांध्यातून.

चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू दुबळे करणाऱ्या एफएसएचडी या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या (स्नायू हळूहळू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) प्रकारात फऱ्याला छातीशी धरून ठेवणारे स्नायू क्षीण होतात, मात्र दंड उचलणारा डेल्टॉइड पुष्कळदा बराच शाबूत राहतो. अशा वेळी डेल्टॉइडने जोर लावला की दंड वर जाण्याऐवजी फराच वळतो आणि पाठीवर पंखासारखा उभा राहतो. ओल्या शहाबादी फरशीवर टेकवलेली शिडी पायाशी सरकत असेल, तर चढणाऱ्याच्या अंगातली ताकद वाया जाते. इथेही तसेच घडते.

म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी केली जाणारी एक साधी तपासणी मला फार मोलाची वाटते. डॉक्टर रुग्णाचा फरा तळहाताने छातीशी घट्ट दाबून धरतात आणि त्याला हात उचलायला सांगतात. हात एरवीपेक्षा स्पष्टपणे वर गेला, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता असते. न गेल्यास डेल्टॉइडही थकलेला आहे, असे समजावे.

शस्त्रक्रियेत फरा काही बरगड्यांना तारांनी, बहुधा धातूच्या पट्टीच्या साहाय्याने बांधतात आणि कमरेच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा मध्ये भरतात, म्हणजे दोन्ही हाडे कालांतराने एकजीव होतात. फऱ्याचे फिरणे कायमचे थांबत असल्याने हात पूर्ण वर जात नाही, पण खांद्याच्या उंचीच्या आसपास किंवा थोडा वर पोहोचला तरी केस विंचरणे, फडताळातला डबा काढणे पुन्हा जमू शकते. आजार मात्र थांबत नाही. पुढे डेल्टॉइडही दुबळा झाला, तर मिळालेला लाभ घटतो.

धोकेही खरे आहेत: फुप्फुसाभोवती हवा किंवा पाणी साठणे, हाडे न जुळणे, हाताच्या मज्जातंतूंवर ताण येणे. त्यामुळे श्वसनक्षमता आधी मोजली पाहिजे आणि भूलतज्ज्ञांना आजाराची पूर्ण कल्पना दिली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर हात काही आठवडे ते महिने बांधून ठेवावा लागतो. ज्यांचे पायही दुबळे आहेत आणि जे हातांवर रेटा देऊन खुर्चीतून उठतात, त्यांनी या काळात उठवायला घरी कोण असेल, हे तारीख ठरवण्यापूर्वीच ठरवावे.