हायवेला ठीक, टोलनाक्यावर बंद: डिझेल ट्रकचा दोष शोधायचा कसा

टोलनाक्याच्या रांगेत ट्रक थरथरतो, दोन आचके देतो आणि बंद पडतो. सेल (स्टार्टर) मारला की पुन्हा चालू. ८० च्या वेगाला लागला की काही तक्रार नाही. अशी गाडी गॅरेजात गेली की बहुतेक वेळा पहिला निकाल लागतो ‘नोझल गेले’. कॉमन रेलच्या (सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या) सहा इंजेक्टरांचं, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलांचं बिल लाखाच्या आसपास जाऊ शकतं आणि ते भरूनही थरथर तशीच राहते, कारण दोष कित्येकदा टाकी आणि पंप यांच्यामधल्या एखाद्या स्वस्त वॉशरमध्ये असतो.

दोष आयडलिंगलाच, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाच का दिसतो, हे आधी पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तिचं आकारमान सोळाव्या ते अठराव्या हिश्शावर आणलं की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि तिच्यात मारलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. इंजिनाचा वेग ठरतो तो फक्त या फवाऱ्यात किती डिझेल आहे यावर. आता हिशेब करा. सहा लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन ६५० आरपीएमवर उभं आहे आणि तासाला दोन लिटर डिझेल घेतं आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ३२५ वेळा. सहा मिळून तासाला १,१७,००० फवारे. एका फवाऱ्याच्या वाट्याला येतात साधारण १७ घन मिलिमीटर. ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ५० घन मिलिमीटरचा असतो, म्हणजे हा त्याचा तिसरा हिस्सा. एखादा इंजेक्टर पाच घन मिलिमीटर कमी देत असेल, तर भरल्या लोडवर शंभरातले पाच गेले, कोणाला कळणारही नाही. आयडलिंगला मात्र त्या सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

म्हणून टूलबॉक्स उघडण्याआधी इंजिन बंद कसं पडतं ते नीट बघायचं. चावी फिरवल्यासारखं एका क्षणात गप्प झालं, तर संशय वायरिंगवर, रिलेवर किंवा क्रँक सेन्सरवर (क्रँकशाफ्टचं फिरणं ओळखणारा सेन्सर). धापा टाकत, वर-खाली होत मेलं, तर डिझेल कमी पडतंय किंवा हवा येतेय. बंद न पडता ठरावीक ठेक्यात धक्के देत राहिलं, तर एकच सिलिंडर आळशी आहे. ६५० आरपीएमला तो धक्का सेकंदाला साधारण पाच वेळा येतो आणि सीटवर बसून मोजता येतो. धूरही सांगतो: पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल, काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय.

सुरुवात टाकीपासून करावी, कारण तिथला खर्च सर्वांत कमी. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवून पाहा. त्याने बंद पडणं थांबलं, तर झाकणातलं हवेचं भोक धुळीने बुजलं आहे. डिझेल उपसलं जातं तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला खेचता येत नाही. मग प्री-फिल्टरच्या (टाकीनंतरच्या पहिल्या, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळाचा नळ उघडून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतंच. इंजेक्टरमधल्या सरकत्या भागांत दोन ते चार मायक्रॉनची फट असते आणि तिथे वंगणाचं काम डिझेलच करतं. पाणी शिरलं की ते वंगण गेलं.

आता सगळ्यांत फसवा भाग, हवा घेणं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन दाबाखाली नसते, ओढीखाली असते. त्यामुळे तिथल्या गळतीतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खालची जमीन कोरडी असते आणि मेकॅनिक ‘लीक नाही’ म्हणून पुढे जातो. खूण अशी: रात्रभर उभी गाडी सकाळी बराच वेळ सेल मारायला लावते, आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारला की लगेच सुरू होते. पक्की चाचणी सोपी आहे. फीड पंपाच्या तोंडाशी रबरी नळीऐवजी हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी लावा, एअर काढा आणि आयडलिंगला पाच मिनिटं नजर ठेवा. सुरुवातीचे बुडबुडे निघून जातात. नंतरही बारीक बुडबुड्यांची रांग चालूच राहिली, तर हवा आत येते आहे. मग बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरची रबरी रिंग, प्रायमरचा डायफ्रॅम आणि चेसिसला घासून पातळ झालेली नळी या क्रमाने बघायचं. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो, तोच पुन्हा लावू नये.

इथवर सगळं स्वच्छ असेल तर स्कॅनर लावायचा. नुसते फॉल्ट कोड वाचून थांबणं पुरेसं नाही, चालू आकडे बघावेत. आयडलिंगला रेलचा दाब बहुतेक इंजिनांत ३०० ते ४०० बारच्या आसपास असतो. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितलेला आणि प्रत्यक्षातला दाब शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही जवळ आणि स्थिर असतील तर पंपाची बाजू निर्दोष. प्रत्यक्ष दाब सतत वर-खाली डोलत असेल आणि हवा येत नाही हे आधीच सिद्ध झालं असेल, तर हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) अडकतोय.

दुसरा उपयोगी आकडा म्हणजे प्रत्येक सिलिंडरची इंधन-दुरुस्ती. फ्लायव्हीलच्या बाजूला दातेरी चकती असते. अनेक इंजिनांत ६० दातांच्या जागेतले दोन दात मुद्दाम गाळलेले, म्हणजे दर सहा अंशाला एक खूण. सिलिंडर पेटला की क्रँक क्षणभर वेग घेतो. कोणत्या सिलिंडरनंतर तो वेग कमी पडला ते ईसीयू दातांमधल्या वेळेवरून ओळखतो आणि त्याला थोडं जास्त डिझेल देतो. एकच सिलिंडर सतत जास्त मागत असेल तर तो कमजोर. सतत वजा आकडा दाखवत असेल तर त्याचा इंजेक्टर गळतोय.

ही चकती वाचणारा क्रँक सेन्सर तापल्यावर दगा देतो. इंजिन गरम झालं की बंद, अर्ध्या तासाने थंड झालं की चालू, असं असेल तर सेल मारताना आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, म्हणजे सिग्नल येत नाही. सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर आणि इंजिनची अर्थ पट्टी (इंजिनाला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) तपासावी. सेल मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर पट्टी खराब.

कमजोर सिलिंडर हाताने शोधायची जुनी रीत म्हणजे एकेका नोझलचा पाइप सैल करणं. ज्या पाइपने इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. मायकोच्या (आताची बॉश) जुन्या मेकॅनिकल पंपावर ती चालते. कॉमन रेलवर चालू इंजिनाचा पाइप कधीही सैल करू नका. शेकडो बारचा सुईसारखा फवारा हातमोज्यातून आणि कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, वेदनाही सुरुवातीला कमी असतात, आणि काही तासांत उपचार झाले नाहीत तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखतंय का याची वाट न बघता लगेच मोठ्या रुग्णालयात जावं. कॉमन रेलमध्ये सिलिंडर बंद करण्याची चाचणी स्कॅनरवरूनच करावी, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहा तोंडांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावं. नीट न जळणारा सिलिंडर शेजाऱ्यांपेक्षा ठळक थंड असतो.

इंजेक्टरवर दोष ठेवायचा तर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची चाचणी हवी. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या, सारख्या मोजपात्रात सोडा आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा. सहापैकी पाच पात्रांत सारखंच डिझेल आणि एकात दुपटीहून जास्त, तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. रेलचा दाब तोच खातोय. मग एकच काढायचा. नवा बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा, जाडी कंपनीने दिलेलीच, आणि इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरायचा. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातून निघताना त्याची प्रत्यक्ष मात्रा मोजून त्या कोडात लिहिलेली असते. कोड न भरता बसवला, तर नवा इंजेक्टरही थरथरतो.

डिझेलची बाजू निर्दोष निघाली तर ज्या गाड्यांना ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आहे त्यांचा व्हॉल्व्ह काढून बघा. काजळीने तो उघडा अडकला की आयडलिंगला जळकी हवाच परत आत जाते, ऑक्सिजन कमी पडतो आणि इंजिन काळा धूर सोडत मरतं. एक्झॉस्ट ब्रेकची फडकीही अर्धवट बंद राहते. तिचा रॉड हाताने हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. टर्बोच्या मागे मात्र इथे वेळ घालवू नये, आयडलिंगला त्याचा दाब जवळपास नसतोच.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं माप) शेवटी. कमिन्सच्या जुन्या सहा सिलिंडर ५.९ लिटर बी सिरीज इंजिनात थंड असताना इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर फट ठेवतात. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, हवा निसटते आणि फवारा पेटण्याइतकी उष्णता तयार होत नाही. हा सिलिंडर सकाळी थंडीत पांढरा धूर सोडतो आणि तापल्यावर सुधारतो. टॅपेट नीट असूनही एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा खूप कमी आलं, तर त्यात इंजेक्टर काढलेल्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड उघडायचं ते यानंतर.